जुनी रॅकेट दाखवा

“नवी दाखवतो. आधी जुनी बघू.”

टिळक रोडजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात नवी रॅकेट मागितली की पहिलं उत्तर हे मिळतं, असं एका मैत्रिणीकडून कळलं होतं. तिच्या जुन्या रॅकेटकडे मिनिटभर बघून तिथल्या गटिंगवाल्या काकांनी तिला सांगितलं होतं, “तुम्ही डबल्समध्ये पुढे उभ्या राहता आणि मागचं शटल उशिरा घेता.” ती पुढेच उभी राहते आणि मागचं शटल उशिराच घेते. हे नेमकं कशावरून कळतं, ते बघायला मी गेले.

काउंटरच्या मागे खिडकीशी गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तार ओढून बसवायचं मशीन, त्याच्यापुढे स्टूल आणि स्टुलावर काका. वय साठीच्या पुढे. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला एक बारीक आडवी खाच कायमची पडलेली. वर्षानुवर्षं नायलॉनची तार ओढून ती पडली आहे. भिंतीवर एक जुना लाकडी प्रेस टांगलेला होता, चार कोपऱ्यांना चार स्क्रू असलेला. दमट हवेत लाकडी रॅकेट वाकू नये म्हणून ती खेळून झाली की त्यात आवळून ठेवायची. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये मलायात सेलँगॉरची स्पर्धा जिंकली आणि परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तेव्हा रॅकेटा लाकडी होत्या. आता बहुतेक सगळं कार्बन.

मी बसले होते तेवढ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला अ‍ॅक्सेलसन या डॅनिश चॅम्पियनची रॅकेट हवी होती, तीही 28 पौंडांच्या ताणावर गटिंग करून. काकांनी हात पुढे केला. मुलाने जरा नाखुशीनेच बॅगेतून जुनी काढून दिली.

तार तुटली होती ती वरच्या कडेला, फ्रेमपासून दोन बोटांवर. फ्रेमच्या माथ्यावरचा रंगही उडालेला. “हे बघ,” काका म्हणाले, “मधे तुटली असती तर मी काही बोललो नसतो. मधे तुटली म्हणजे शटल मधे बसतंय आणि तार झिजून गेली. तुझी कडेला तुटलीय. शटल तुला वरच्या काठावर लागतंय. आणि हा उडालेला रंग म्हणशील तर, खालचं शटल उचलताना रॅकेट जमिनीला घासतोस. पाय पोचत नाहीत, हात पोचवतोस.”

“पण काका, 28 करा ना. सगळे तेवढंच करतात.”

“जिल्हा खेळतोस?”

“नाही.”

“मग चोवीस.”

हा आकडा त्या दुपारी मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मीच मनात म्हणायचे, चोवीस. त्यामागचं कारण साधं आहे. तार सैल असली की शटल तिच्यात जरा रुतून उसळतं, म्हणजे थोडी ताकद तारच पुरवते. तार जितकी ताठ, तितकी ती उसळी कमी आणि ताकद खेळणाऱ्याच्या मनगटातून यायला हवी. शिवाय ताठ जाळीवर शटल नेमकं बसायची जागा आक्रसते. जो जागतिक पातळीवर खेळतो त्याचं शटल रोज त्याच जागी बसतं, म्हणून त्याला तिशीच्या आसपासचं गटिंग पेलतं. ज्याचं शटल काठावर लागतंय त्याने 28 मागायचं म्हणजे आहे ती ताकद घालवायची आणि फ्रेमही धोक्यात घालायची. फ्रेम किती पौंड सोसेल ते कंपनी मुठीच्या वरच्या निमुळत्या भागावर छापते. तो बारीक छापा फारसं कुणी वाचत नाही.

मुलगा चोवीसवर राजी झाला. काकांनी जुनी तार मधून बाहेरच्या दिशेने कापत नेली, म्हणजे फ्रेमवर एका बाजूने ताण येत नाही. मग फ्रेम मशीनवर आवळली आणि उभ्या तारा मधून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा ओढल्या. इथवर मशीनचं काम. खरं बघण्यासारखं आहे ते आडव्या तारांचं. प्रत्येक आडवी तार एका उभीच्या वरून, पुढच्या उभीच्या खालून जाते. काकांचा डावा हात जाळीखाली असतो. तिथून मधलं बोट तारेचं टोक वर ढकलतं, उजवी तर्जनी ते खाली दाबते, पुन्हा वर, पुन्हा खाली. नजर मात्र तारेवर नसते, ती गिऱ्हाइकावर. टोक पलीकडच्या भोकातून बाहेर आलं की तार सर्रकन ओढली जाते आणि ती त्या खाचेतूनच जाते. एखादी तार घर चुकली तर बोटाला आधी कळतं. शेवटची गाठ मारून झाली की तळहाताची कड जाळीवर आपटून ते आवाज ऐकतात. मशीनवर आकडा दिसत असताना आवाज कशाला ऐकायचा, हे मी विचारलं. “आकडा मशीनचा. आवाज रॅकेटचा,” म्हणाले. मला हे थोडं नाटकी वाटलं, पण एकदा त्यांनी ऐकून एक गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

रॅकेट निवडायचं काम याच्यापुढे फार थोडं उरतं. वजन आकड्यात लिहिलेलं असतं. 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84. आकडा वाढला की वजन कमी. मग तोल. काका रॅकेट आडव्या बोटावर तोलून दाखवतात. मुठीच्या टोकापासून साधारण 29 सेंटिमीटरवर तोललं तर समतोल, त्याहून वर सरकावं लागलं तर डोकं जड, खाली आलं तर हलकं. मागून स्मॅश मारणाऱ्याला डोकं जड असलेली, नेटजवळ झटापट करणाऱ्याला हलकी, असा ढोबळ नियम. पण नियम ढोबळच. मुंबईकर चिराग शेट्टीचा डबल्समधला जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने 2023 मध्ये ताशी 565 किलोमीटरचा स्मॅश मारून गिनीज विक्रम केला, तो योनेक्सच्या नॅनोफ्लेअर 1000 झेडने. ती डोकं हलकं असलेली रॅकेट आहे. शाफ्ट, म्हणजे मधली दांडी, मात्र अतिशय कडक, आणि तो वाकवायला सात्त्विकचा खांदा लागतो.

दुकानात मात्र जो तो शाफ्ट दोन्ही हातांनी वाकवून बघतो, हवेत दोन फटके मारतो आणि किमतीची चिठ्ठी उलटतो. पंधरा हजारांच्या आसपासच्या रॅकेटा भिंतीवर चकाकत असतात, त्यांच्याकडे बघत संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टावर तासभर डबल्स खेळणारी मंडळी उभी असतात. त्यातल्या बहुतेकांना 4यू, समतोल, मध्यम शाफ्टची रॅकेट पुरते आणि ती त्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात येते. कडक शाफ्ट जोराच्या स्विंगलाच वाकतो. संथ हातात तो नुसता कोपराला हादरे देतो.

कोपर दुखणाऱ्या एका ताई आल्याच. त्यांना सगळ्यात हलकी रॅकेट हवी होती. काकांनी त्यांच्या रॅकेटची मूठ धरून बघितली, वरच्या जाड झालेल्या दोन ग्रिप उलगडून काढल्या, लवचीक शाफ्टची एक रॅकेट हातात दिली आणि गटिंग बावीस सांगितलं. चोवीसच्या खाली येताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. वर जायला मात्र ते फारच कुरकुरतात. निवड चाचणीची तयारी करणाऱ्या एका मुलीला त्यांनी सव्वीस द्यायला बराच वेळ लावला, आणि तिची जुनी तार बरोबर मधोमध तुटलेली होती. इथे काकांचा हट्ट मला पटला नाही.

तुम्ही रॅकेट घ्यायला जाणार असाल तर सगळे पैसे फ्रेमवर उडवू नका. बऱ्याच महागड्या रॅकेटा तारेविना येतात आणि स्वस्तातल्यांवर कारखान्यातून येणारी तार बहुधा सैल असते. चांगल्या गटिंगचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात बसेल ती रॅकेट घ्या. आणि तार तुटेपर्यंत थांबू नका. मशीनवरून उतरल्या क्षणापासून ती सैल होत असते, तुम्ही खेळा किंवा न खेळा.