‘ॲक्सेस डिनाइड’वर ‘एव्हरीवन’चा उतारा

सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये डेटा ठेवणारं सॉफ्टवेअर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून अडलं की अनेक ऑफिसांत उपाय ठरलेला: ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’. एवढं करूनही ते अनेकदा अडूनच बसतं, कारण विंडोज सर्व्हरवर परवानग्या दोन ठिकाणी असतात. एक शेअरवर, दुसरी एनटीएफएसमध्ये, म्हणजे खुद्द डिस्कवरच्या फोल्डरवर. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि जी कडक तीच चालते. शेअरवर नुसतं ‘रीड’ असेल तर फोल्डरवर काहीही द्या, लिहिता येणार नाही. सर्व्हरपुढे बसून तपासणाऱ्याला मात्र सगळं सुरळीत दिसतं. तिथे शेअरची अट आड येतच नाही. मग ‘आमच्याकडे तर चालतंय’ सुरू होतं.

आणि हा उतारा लागू पडला तर जास्त वाईट. कुणाच्याही एका पीसीवर रॅन्समवेअर शिरलं की त्या माणसाला जे लिहिता येतं, ते सगळं त्यालाही लिहिता येतं.

फाइल उघडली म्हणजे सेव्ह करायचीही परवानगी आहे, असं नाही. वर्ड सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल बनवतो, मग तिला मूळ नाव देऊन जुनी काढून टाकतो. म्हणून ‘राइट’ पुरत नाही, ‘मॉडिफाय’ लागतं; त्यात डिलीटही येतं.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर लोकांचा फार विश्वास. स्वतःच्या पीसीचा ॲडमिन सर्व्हरच्या लेखी कुणीच नसतो. उलट असं चालवलेल्या प्रोग्रॅमला जोडून ठेवलेला सर्व्हरचा झेड ड्राइव्ह बहुधा दिसतच नाही. रात्रीचा बॅकअप ‘लोकल सिस्टिम’च्या नावाने चालत असेल, तर डोमेनमध्ये तो सर्व्हरकडे माणसाच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या नावाने जातो. तुमच्या लॉगिनला दिलेली परवानगी त्याच्या काय कामाची? म्हणून आधी विचारायचं: दार नक्की कुणाच्या नावाने वाजवलं जातंय? ते कळलं की फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’मध्ये तेच नाव टाकून पाहावं.

परवानगी ग्रुपला दिली असेल, तर त्यात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं. जुन्या लॉगिनला नवा ग्रुप ठाऊक नसतो. त्याच ड्राइव्हवर मूव्ह केलेली फाइल जुन्याच परवानग्या घेऊन येते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते.

‘फाइल इन यूज’ हा मात्र परवानगीचा प्रश्नच नव्हे. सर्व्हरच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘ओपन फाइल्स’ पाहा आणि ती उघडी ठेवून जेवायला गेलेल्याला फोन करा.