बर्लिनमधली पहिली सहरी

पहाटेचे चार वाजून गेलेले. बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिघा विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मिरजेचा एक मुलगा सहरीची तयारी करत होता. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधी पहाटे घेतलं जाणारं जेवण. अम्मीनं निघताना बांधून दिलेला मसाला, रात्रीचा भात, दोन अंडी. तेल तापलं, कांदा-मिरची पडली, आणि पॅसेजच्या छताला लावलेलं छोटं पांढरं यंत्र किंचाळू लागलं. धूर ओळखणारं ते यंत्र बर्लिनच्या प्रत्येक घरात कायद्यानं बंधनकारक आहे. फोडणीचा धूर आणि आगीचा धूर यातला फरक त्याला कळत नाही. खुर्चीवर चढून टॉवेल हलवून ते शांत करेपर्यंत शेजाऱ्यांच्या खिडक्यांत दिवे लागले होते. भात तसाच राहिला. पाणी आणि दोन खजुरांवर नीयत झाली.

दुपारी पत्रपेटीत एक चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंची. फोनवर भाषांतर करून त्यानं वाचली. मजकूर सभ्य होता: रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे, कृपया लक्षात ठेवावं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरजेत रमजानच्या पहाटे गल्ली जागवत फिरणारे लोक असतात. इथं एका फोडणीसाठी चिठ्ठी. संध्याकाळी अम्मीचा व्हिडिओ कॉल आला. "बेटा, सहरी में क्या खाया?" तो म्हणाला, "अंडा-भात, अम्मी. पेट भर के."

परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या अडचणी बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. घरच्यांना काळजी नको म्हणून बोललेल्या एका छोट्या खोट्यापासून.

इल्मची जुनी वाट

भारतीय विद्यार्थ्यांना बर्लिन नवीन नाही. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२०च्या दशकात इथंच अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ मध्ये परतून जामिया मिलिया सांभाळली. गालिबच्या दिवाणाची एक देखणी छोटी आवृत्ती त्यांनी बर्लिनच्याच कावियानी छापखान्यातून छापून घेतली होती. त्याच दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकायला या शहरात आल्या. पत्र घरी पोहोचायला तेव्हा कित्येक दिवस लागत.

आज वाट सोपी झाली आणि गर्दीही वाढली. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आले. कारण उघड आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळपास नाही. मात्र 'फी नाही' याचा अर्थ 'खर्च नाही' असा होत नाही. व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात आधी भरावे लागतात. त्यातून दरमहा फक्त ९९२ युरो हाती येतात. खोलीचं भाडं, आरोग्यविम्याचे दीडशेच्या आसपास युरो आणि किराणा यांतच ते संपतात. मिरजेच्या या मुलाच्या अब्बांनी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसानं, या रकमेसाठी घर गहाण ठेवलं होतं. म्हणून तर खोटं बोलणं सोपं झालं आणि मदत मागणं अवघड.

घर मिळण्याआधी पैसे नाहीत

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा पहिला घाव इथंच बसणार होता. बर्लिनमध्ये भाड्याची खोली मिळणं फार कठीण. इंटरनेटवर एक सुंदर खोली दिसली, स्वस्त आणि विद्यापीठाजवळ. मालक म्हणे परदेशात आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, चावी टपालानं येईल. अब्बा बँकेत जायला निघाले होते. नागपूरहून आलेल्या, तीन वर्षं बर्लिनमध्ये काढलेल्या एका सीनियर मुलीनं ते थांबवलं. सगळे तिला आपा म्हणतात. तिचा नियम साधा होता: खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. जाहिरातीतलं भाडं 'थंड' की 'गरम' तेही विचारायचं. 'गरम' भाड्यात हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो, 'थंड' भाड्यात नाही. अनामत रक्कम कायद्यानं तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं की त्याच दिवशी अर्ज टाकावा.

खोली मिळाल्यावर चौदा दिवसांत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिथं याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकानं सही केलेला राहण्याचा दाखला त्यासाठी हवा. हा दाखला द्यायला जो मालक नकार देतो, ती खोली घेऊ नये. या एका कागदावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. कर-क्रमांक त्यानंतर टपालानं येतो, बँक आणि व्हिसाच्या कार्यालयातही तोच कागद मागतात. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते आणि पटकन संपते. नव्या तारखा बहुधा सकाळी दिसतात, तेव्हा रोज सकाळी पाहत राहावं.

आणि पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवावं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. जर्मनीत पोस्टमन खोली क्रमांक पाहत नाही, नाव पाहतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. या मुलाचं विम्याचं पत्र असंच परत गेलं आणि नंतर दंडासह स्मरणपत्र आलं. तेव्हाही त्यानं घरी सांगितलं नाही. त्या महिन्यात त्यानं दुपारचं जेवण सोडलं, रमजान यायला अजून चार महिने होते.

किराणा, कचरा आणि रविवार

आपाला हे कळलं ते एका शनिवारी, त्याच्या रिकाम्या फ्रिजमुळे. त्या दिवशी तिनं त्याला सोबत घेऊन बाजार दाखवला. १९६१ मध्ये जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. तेव्हा आलेल्या लोकांची तिसरी-चौथी पिढी आता बर्लिनमध्ये आहे. म्हणून क्रॉइत्सबर्ग आणि नॉयक्योल्न या भागांत हलाल मटण, डाळी, खजूर, पुदिना, कोथिंबीर सगळं मिळतं. झोननआले या रस्त्यावर अरबी दुकानांची रांग आहे. मायबाखउफर इथं कालव्याच्या काठावर मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो. बाजार उठायच्या वेळी गेलं तर भाजी-फळं निम्म्या भावात मिळतात. तांदूळ आणि डाळ मोठ्या पिशवीत घेऊन तिघांत वाटली की महिना निघतो. सुपरमार्केटच्या गोळ्या-मिठायांत जिलेटिन असतं, ते बहुधा डुकराचं. म्हणून पाकिटावरची यादी वाचायची सवय लावावी.

रविवारी दुकानं बंद असतात. मुख्य रेल्वे स्टेशनमधली काही दुकानं आणि गल्लीतली छोटी 'श्पेटी' दुकानं तेवढी उघडी, पण महाग. रमजानात ही गोष्ट शनिवारीच आठवायला हवी, नाहीतर रविवारच्या इफ्तारला ब्रेड आणि पाणी उरतं. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं, बाटल्या विकत घेऊ नयेत. घेतल्याच तर फेकू नयेत. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते आणि सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते.

कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागदाचा निळा, जैविक तपकिरी, वेष्टनांचा पिवळा किंवा केशरी, उरलेल्याचा काळा. हिवाळ्यात खिडकी दिवसभर फटभर उघडी ठेवायची नसते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि दुरुस्तीचा खर्च अनामतीतून कापला जातो.

कमाई आणि तब्येत

बहुतेकांना हातखर्चासाठी काम करावंच लागतं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याहून जास्त केलं तर व्हिसा धोक्यात येतो. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला वेगळी परवानगी लागते. सायकलवरून जेवण पोहोचवण्याचं काम 'तुमचा धंदा तुम्ही करा' या अटीवर कुणी देऊ केलं, तर कागद नीट वाचावा. करार लेखी हवा, पगार बँकेत हवा. रोखीनं 'काळं' काम करून दोन पैसे जास्त मिळतात, पण पकडलं गेलं तर शिक्षणच तुटतं. गहाण घर सोडवायला निघालेला मुलगा व्हिसा गमावून परतला, तर त्या घराचं काय होईल हा हिशेब आधी करावा.

आजारी पडल्यावर अंगावर काढू नये. विम्याचे पैसे दरमहा जातात ते त्यासाठीच. जीव धोक्यात असेल तर ११२. रात्री-अपरात्री ताप, पोटदुखी असं काही असेल तर ११६११७ या क्रमांकावर डॉक्टरची सोय कळते. शरीराइतकंच मनाचं. बर्लिनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. झोप उडणं, खोलीबाहेर पडावंसं न वाटणं हे ईमान कमजोर झाल्याचं लक्षण नव्हे. विद्यार्थी कल्याण संस्थेकडे मानसशास्त्रीय सल्ला मोफत मिळतो.

रोजा आणि घड्याळ

यंदासारखा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की बर्लिनचा रोजा बारा-चौदा तासांचा, म्हणजे जवळपास आपल्या गावाएवढाच. २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता तेव्हा अठरा तासांहून मोठा होता. २०३०च्या डिसेंबरात तो खूपच लहान होईल. अजानचा आवाज इथं सहसा रस्त्यावर येत नाही, म्हणून जवळच्या मशिदीचं वेळापत्रक आणून भिंतीला लावावं. तुर्की मशिदी गणितानं आधीच ठरवलेलं कॅलेंडर पाळतात. त्यामुळे पहिला रोजा आणि ईद मिरजेपेक्षा एखाद्या दिवसानं मागेपुढे होऊ शकते.

या दिवसांत बर्लिनच्या विद्यापीठांत व्याख्यानं नसतात, पण परीक्षा आणि प्रबंध असतात. ईदची सुट्टी नसते. परीक्षा त्याच दिवशी येत असेल तर प्राध्यापकांना आधीच ईमेल करावा. तिथं आयत्या वेळी सांगितलेलं कारण चालत नाही, पण आधी विचारलेल्या गोष्टीला बहुधा वाट निघते. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर पुरा करण्याची सवलत कुराणानंच दिली आहे. ताप अंगात घेऊन रोजा ओढणाऱ्या मुलांना हे आठवण करून द्यावं लागतं.

इफ्तार एकट्यानं करू नये. कोलंबियाडामवरच्या शेहितलिक मशिदीत तुर्की पद्धतीचा घुमट आणि दोन मिनार आहेत. तिच्या शेजारचं तुर्की कब्रस्तान १८६६ पासूनचं. अशा मशिदींत रमजानात परक्या विद्यार्थ्यालाही कुणीतरी शेजारी बसवून घेतं.

चिठ्ठीचं उत्तर

चिठ्ठी आली त्या रात्री त्यानं शेवटी आपाला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. दंड, सोडलेली जेवणं, अम्मीला सांगितलेलं खोटं, आणि 'या लोकांना आपण नको आहोत' हेही. आपानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हमसाये का हक फक्त मिरजेत असतो का?" शेजाऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ न देणं ही आपल्याकडे इबादतीइतकी मोठी गोष्ट मानली जाते. इथल्या लोकांनी ती वेळापत्रकात लिहून ठेवली आहे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवसापासून फोडणी रात्री नऊलाच होऊ लागली. पहाटे फक्त गरम करायचं, स्वयंपाकघराचं दार लावून. मिक्सर संध्याकाळी. इफ्तारच्या आधी त्यानं एका बशीत भजी, खजूर आणि कापलेली फळं घेतली, जर्मनमध्ये चार ओळी लिहिल्या आणि खालचं दार वाजवलं. चुकलो, महिनाभर पहाटे उठावं लागतं, आवाज होणार नाही, असा मजकूर.

आजीबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग थोडं इंग्रजी, थोडं जर्मन करत त्या म्हणाल्या की पहाटे चारला त्या तशाही जाग्याच असतात, वयामुळे झोप लागत नाही. भोंगा वाजला तेव्हा वाटलं वर आग लागली आणि मुलं आत अडकली. म्हणून त्या घाबरल्या होत्या.

त्या संध्याकाळी अम्मीचा कॉल आला तेव्हा त्यानं दंडाचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अब्बांचा आवाज आला, "पैशाचं बघू. जेवण सोडू नकोस."

कुराणाच्या अवतरणाची सुरुवात या महिन्यात झाली आणि त्यातला पहिला शब्द होता 'इक्रा', वाच. शिकण्यासाठी घर सोडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला रमजान म्हणूनच जवळचा. पाठवणाऱ्या आईवडिलांनी बॅगेत मसाला भरताना एक वाक्यही बांधून द्यावं: अडलं तर लपवू नको, आधी सांग. आणि जी मुलं तिथं आधी पोहोचली आहेत, त्यांनी नव्यानं आलेल्याचा फ्रिज एकदा उघडून पाहावा. दूर देशी एकट्यानं रोजा सोडणाऱ्या सगळ्या मुलांचे रोजे कबूल होवोत.