व्हॉट्सॲप विकलं, पैसाही मिळाला. मग संस्थापकाला खंत कशाची?

बाजार समितीतला कांद्याचा भाव, सोसायटीच्या मीटिंगचा निरोप, शाळेची सुट्टी, लग्नाची पत्रिका. गावातलं बरंचसं काम आज व्हॉट्सॲपवर चालतं. पण हे ॲप कुणी उभं केलं, का विकलं आणि विकल्यावर त्यातल्या एकाने जाहीरपणे खंत का बोलून दाखवली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मोबाईल वापरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

कोण होते हे दोघे?

व्हॉट्सॲपचे संस्थापक दोन. जॅन कौम आणि ब्रायन ॲक्टन. कौम यांचं बालपण युक्रेनमध्ये, कीव शहराजवळच्या फास्तिव्ह गावात गेलं. तेव्हा तिथे सोव्हिएत राजवट होती. सरकार फोन चोरून ऐकेल या भीतीने घरची माणसं फोनवर मोकळं बोलत नसत. १९९२ मध्ये १६ वर्षांचे कौम आई आणि आजीसोबत अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. आई लोकांची मुलं सांभाळायची, ते किराणा दुकानात झाडू मारायचे. सरकारी धान्य-कुपनासाठी रांगेतही उभे राहिले. कॉम्प्युटर नेटवर्कचं काम ते जुन्या पुस्तकांवरून स्वतःच शिकले.

पुढे याहू कंपनीत त्यांची ॲक्टन यांच्याशी गाठ पडली. २००७ मध्ये दोघांनी ती नोकरी सोडली. नंतर फेसबुककडे अर्ज केला, पण तिथे नोकरी मिळाली नाही.

ॲप वाढलं कसं?

फेब्रुवारी २००९ मध्ये कौम यांनी कंपनी सुरू केली. तेव्हा कल्पना साधी होती. फोनमधल्या नावापुढे ‘कामात आहे’, ‘बॅटरी संपत आलीय’ असं स्टेटस दिसावं, एवढंच. लोक मात्र त्या स्टेटसमधूनच एकमेकांशी बोलायला लागले. हे पाहून कौम यांनी त्याचं मेसेजिंग ॲप केलं. त्याच वर्षी ॲक्टन सोबत आले आणि त्यांनी याहूतल्या पाच जुन्या मित्रांकडून अडीच लाख डॉलर उभे केले.

जाहिराती नाहीत, गेम नाहीत, चमकोगिरी नाही, हे दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. खर्चासाठी वर्षाला एक डॉलर फी होती. वेगळं नाव, पासवर्ड लागत नसे, फोन नंबर पुरे. साध्या नोकियावरही ॲप चालायचं. आपल्याकडे तेव्हा सणाच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजला पैसे कापले जायचे. अशा वेळी हे ॲप लोकांनी उचलून धरलं नसतं तरच नवल.

एवढी किंमत का मिळाली?

१९ फेब्रुवारी २०१४ रोजी फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळच्या दराने ही रक्कम एक लाख कोटी रुपयांहून जास्त होते. तेव्हा कंपनीत माणसं जेमतेम ५५ आणि कमाई अगदीच थोडी. मग पैसे कशाचे मोजले?

दूध संकलन केंद्राचं उदाहरण घ्या. केंद्र विकत घेणारा कॅन आणि वजनकाट्याचे पैसे मोजत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारे गवळी आणि त्यांची नोंदवही, खरी किंमत त्याची असते. व्हॉट्सॲपकडे तेव्हा दरमहा ४५ कोटी लोक येत होते आणि त्यांचे फोन नंबर होते. केंद्र विकलं की वहीही नव्या मालकाकडे जाते. पुढचा सगळा वाद या वहीवरूनच झाला.

विकल्यानंतर काय झालं?

जाहिराती येणार नाहीत, काही बदलणार नाही, असं कौम यांनी विक्रीच्या वेळी लोकांना सांगितलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये एक मोठी गोष्ट झालीही. सगळ्या मेसेजना कुलूप लागलं. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच, कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही.

पण ऑगस्ट २०१६ मध्ये नियम बदलले आणि खातेदारांचा फोन नंबर व इतर माहिती फेसबुकला देण्याची वाट मोकळी झाली. दोन्हीकडची खाती जोडता येतील का, याबाबत फेसबुकने खरेदीच्या वेळी दिशाभूल करणारी माहिती दिली, असं म्हणत युरोपीय आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड केला.

सप्टेंबर २०१७ मध्ये ॲक्टन बाहेर पडले. त्यांचे शेअर एकदम नाही, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचे होते. सुमारे एक वर्ष आधी निघाल्यामुळे त्यांनी ८५ कोटी डॉलरवर पाणी सोडलं, म्हणजे साडेपाच हजार कोटी रुपयांच्या घरात. संस्थापकांच्या संमतीशिवाय कमाईचे मार्ग लादले तर सगळे शेअर लगेच मिळावेत, असं कलम करारात होतं. ‘आम्ही फक्त चाचपणी करतोय’ अशी भूमिका कंपनीने घेतली आणि ॲक्टन यांनी भांडण पुढे नेलं नाही.

२०१८ मध्ये फोर्ब्स मासिकाला दिलेल्या मुलाखतीत ते स्पष्टच बोलले. मोठ्या फायद्यासाठी आपण वापरणाऱ्यांची खासगी माहिती विकली, ती तडजोड होती आणि तिचं ओझं आपण रोज वागवतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षी कौम यांनीही कंपनी सोडली. ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर घालून ‘सिग्नल’ ॲपसाठी ना-नफा संस्था उभी केली.

यातून धडा काय?

गावातली पोरंही आज ॲप बनवतात, शेतकरी कंपन्या काढतात. त्यांच्यासाठी यात सरळ गोष्ट आहे. तोंडी शब्दाची सातबाऱ्यावर नोंद होत नाही. कंपनी विकताना ग्राहकांची माहिती कशी वापरायची, हे करारात नेमक्या शब्दांत लिहावं लागतं. ‘कमाईचे मार्ग लादणं’ म्हणजे नक्की काय, एवढं ढिलं राहिलं तरी कलमाचा जोर जातो. आणि मालकी गेली की सल्ला देता येतो, निर्णय घेता येत नाही.

आपण काय करायचं?

आपल्या चॅटचा मजकूर आजही कुलूपबंद आहे. पण आपला नंबर, फोनचा प्रकार, ॲप कधी आणि कसं वापरतो, ही माहिती कंपनीकडे असते. २०२१ च्या नव्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. जून २०२५ मध्ये तर स्टेटसच्या भागात जाहिराती आणणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

म्हणून एवढं जरूर करा :

• सेटिंगमध्ये जाऊन ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावा.
• चॅटचा बॅकअप ठेवत असाल तर तोही ‘एंड-टू-एंड एनक्रिप्टेड’ करा. ते वेगळं चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड जपून ठेवा, विसरलात तर बॅकअप उघडणार नाही.
• आधार, पासबुक, सातबाऱ्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका. कुलूप मेसेजला असतं, ग्रुपमधल्या दोनशे माणसांच्या फोनला नसतं.