चमचा चांदीचा कीं मुलाम्याचा?

१८५० नंतर माथेरानावर साहेब लोकांचे व पारशी गृहस्थांचे बंगले उठले. तेथील एका बंगल्याच्या मोडींतून आलेला कॉफीचा चमचा आमच्या कर्जतच्या शेजारीणबाईंच्या घरीं आहे. चांदीचा समजून त्यांनीं तो वर्षानुवर्षें राखेनें घांसला. पुढें मुलाची फी भरण्यासाठीं त्या तो मोडावयास गेल्या; सोनारानें परत केला.

चमच्यामागें ई. पी. एन. एस. अशीं अक्षरें आहेत. त्यांचा अर्थ, विजेच्या साह्यानें चांदीचा मुलामा दिलेलें जर्मन सिल्व्हर. हा धातु तांबें, निकेल व जस्त यांचें मिश्रण होय. नांवांत चांदी, अंगीं नाहीं. चांदीच्या द्रावणांत चमचा बुडवून वीज सोडली म्हणजे त्यावर पातळ थर बसतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं १८४० सालीं या कृतीचें पेटंट घेतलें.

कॉफी मात्र आपणांकडे जुनी. १६१६ सालीं सुरतेस उतरलेले पाद्री एडवर्ड टेरी यांनीं येथील लोक ती पीत असल्याचें लिहिलें आहे. अरबी चालीची कॉफी सहसा बिनसाखरेची, म्हणून तीस चमचा नको. युरोपांत साखर घालण्याची चाल पडली, तेव्हां चमचा आला. जेवणानंतरच्या कोऱ्या कॉफीचा पेला लहान, म्हणून चमचाहि लहान.

अशा चमच्यास राख लावूं नये. कोमट साबणपाण्यानें धुवून मऊ फडक्यानें पुसावा. गेलेला मुलामा घरीं पुन्हां चढत नाहीं. आणि वस्तु मोडावयास नेण्यापूर्वीं तिची पाठ वाचावी. बाईंनीं ती वाचली असती, तर निदान हेलपाटा तरी वांचला असता.