बॉनी ब्लेअर : पट्टीएवढ्या अंतराने जिंकलेली शर्यत



वर्गातली ३० सेंटीमीटरची पट्टी हातात घ्या. १९८८ साली कॅनडातल्या कॅलगरी इथल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटर स्पीड स्केटिंगचं सुवर्णपदक या पट्टीपेक्षाही कमी अंतराने ठरलं!

या खेळात बर्फाच्या धावपट्टीवर दोघी-दोघी धावतात, पण निकाल लागतो घड्याळावर. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोथेनबर्गरने आधी ३९.१२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. नंतर आली अमेरिकेची बॉनी ब्लेअर. तिची वेळ ३९.१० सेकंद! मुलांना गणित घालून बघा. सेकंदाला साधारण १२.८ मीटर वेग असेल, तर ०.०२ सेकंदात किती अंतर कापलं जाईल? उत्तर येतं जेमतेम २६ सेंटीमीटर.

ही बॉनी कोण? जन्म १८ मार्च १९६४. सहा भावंडांत सगळ्यात धाकटी. मोठी भावंडं स्केटिंग करायची, म्हणून हीसुद्धा अगदी लहानपणीच बर्फावर उतरली. तिच्या मापाचे स्केट्स मिळेनात, तेव्हा घरच्यांनी बुटांवरूनच स्केट्स चढवले! इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन या गावी ती वाढली. पुढे सरावासाठी युरोपला जायचं तर पैसे हवेत. मग तिथल्या पोलिसांनी गाड्यांवर चिकटवायचे स्टिकर्स विकून निधी उभा केला. एका मुलीमागे गाव असं उभं राहिलं.

पण लगेच यश मिळालं का? नाही. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटरला ती आठवी आली. तिने सराव सोडला नाही. १९८८ ला एक सुवर्ण आणि एक कांस्य, १९९२ ला दोन सुवर्ण, १९९४ ला पुन्हा दोन सुवर्ण. एकूण पाच सुवर्णपदकं! शिवाय १९९४ मध्येच ५०० मीटर ३९ सेकंदांच्या आत पूर्ण करणारी ती पहिली महिला ठरली. १९९५ मध्ये ती निवृत्त झाली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९९४ ला १५०० मीटरमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक फक्त ०.०३ सेकंदाने हुकलं. पण त्या अंतरातली ती तिची स्वतःची तोपर्यंतची सर्वोत्तम वेळ होती.

मग ती हरली की जिंकली? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. आणि पालकहो, निकालाच्या दिवशी "पहिला कोण आला?" असं विचारण्याआधी "मागच्या वेळेपेक्षा तू किती पुढे गेलास?" असं विचारून बघा. पोराचा चेहरा कसा खुलतो ते तुम्हालाच दिसेल.