लिनक्सशी ओळख करून घेताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि पुष्कळ घरांत प्रश्न उभा राहिला. संगणक तर धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. मग तो भंगारात द्यायचा की काय? अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "लिनक्स घालून पाहा ना!" सल्ला चांगला आहे. मात्र घालण्याच्या घाईत घरचे फोटो नि हिशेब पुसले जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे चार शब्द.

लिनक्स हा मुळात संगणकाच्या कारभाराचा गाभा. हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. नुसत्या गाभ्यावर आपलं काम भागत नाही. त्याभोवती लेखनाची, छपाईची, चित्रे पाहण्याची साधने जमवून जो तयार संच मिळतो, त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन १९९३ चे, त्यावर उभारलेले उबुंटू २००४ चे आणि उबुंटूवर उभारलेले मिंट त्याही नंतरचे. यांत श्रेष्ठ कोणते यावर जाणकार तासन्‌तास भांडतात. मला विचाराल तर मिंट घ्या आणि त्यांना भांडू द्या.

पहिल्याच दिवशी ते डिस्कवर बसवू नका. पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, हे पाहून घ्या. मग आपले कागदपत्र दुसऱ्या डिस्कवर उतरवा. बसवताना 'इरेज डिस्क' असा पर्याय दिसेल. त्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा: आहे ते सारे जाणार.

वायफाय लागलेच नाही तर? मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला द्या आणि मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर उघडा. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

आता खरी गोष्ट. संगणक काही तरी इंग्रजीत बोलतो आणि आपण न वाचताच घाबरतो. ते वाचावे. 'परमिशन डिनाइड' म्हणजे तुम्हाला तो अधिकार नाही. 'नो सच फाइल' आले तर नाव तपासा; लिनक्सला इंग्रजीतले मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे वाटते. 'नो स्पेस लेफ्ट' म्हणजे बहुधा डिस्क भरली.

यांतला एक संदेश नवख्याला हमखास फसवतो. काही नवे बसवायला जावे तर 'कुड नॉट गेट लॉक' असे उत्तर येते. झालेलं असतं इतकंच, की मागे दुसरे एखादे अद्ययावतीकरण चालू असते आणि एका वेळी दोघांनी खतावणीत लिहू नये म्हणून त्याने कुलूप घातलेले असते. बहुतेक वेळा ते कोणी घातले, त्याचे नावही तिथेच छापलेले असते. लोक सांगतात, कुलपाची फाइल पुसून टाका. हे करू नये! अर्धवट लिहिलेल्या खतावणीत दुसरा हात पडला की सगळी नोंदच बिघडू शकते. दहा-पंधरा मिनिटे थांबा, चहा घ्या, पुन्हा करून पाहा.

कुणी सांगितलेली आज्ञा चालवण्यापूर्वी तिचा अर्थ विचारावा. त्यासाठी 'मॅन' लिहून पुढे त्या आज्ञेचे नाव द्यायचे. माहितीचे पान उघडते आणि 'क्यू' दाबले की मिटते. ज्या आज्ञेच्या आधी 'सुडो' आहे, ती मालकाच्या अधिकाराने चालते. तिथे तर दोनदा वाचावे.

जाणकाराकडे गेलात तर "चालत नाही हो" एवढेच म्हणू नका. काय केले, काय दिसले, संच कोणता नि कितवी आवृत्ती, हे सांगा. संदेश जसाच्या तसा उतरवून न्या.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. आज ती चालू करून ठेवली, तर उद्या बिघडलेली व्यवस्था मागच्या तारखेवर नेता येते. पण ती जपते व्यवस्थेच्या फाइली; तुमचे फोटो आणि पत्रे आपणहून तिच्यात धरलेली नसतात. त्यांची प्रत वेगळी, दुसऱ्या डिस्कवर ठेवायची.