चार हातांचं काम

दातांचं माप घ्यायच्या ऑल्जिनेटची पावडर पाण्यात पडली की घड्याळ सुरू होतं. मिनिटभरात ती रबरी वाटीत घोटून, गुठळी न राहू देता, ट्रेमध्ये भरून डॉक्टरांच्या हातात गेली पाहिजे आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत रुग्णाच्या तोंडात घट्ट बसली पाहिजे. पाणी कोमट असलं की हा सगळा वेळ आखडतो. मे महिन्यात वाशी-नेरुळच्या नळाला येतं ते पाणी कोमटच असतं, म्हणून जुनी असिस्टंट सकाळी आल्या आल्या एक बाटली फ्रिजमध्ये ठेवून देते. नवी मुलगी हे शिकते ती पहिलं माप वाटीतच आवळून गेल्यावर.

दातांच्या दवाखान्यात अशा बारीक गोष्टी शेकड्यांनी असतात. रूट कॅनालच्या फायली रंगांवरून ओळखायच्या: पंधरा नंबर पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी, पंचेचाळीसपासून पुन्हा पांढरी सुरू. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यांनी तोंड उघडण्याआधी पुढची फाईल तिथे असावी लागते. खुर्चीभोवतीची जागाही वाटलेली असते. रुग्णाचं डोकं मध्यभागी धरून घड्याळाची तबकडी कल्पिली, तर उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर सात ते बाराच्या दरम्यान बसतो, असिस्टंट दोन ते चारच्या मध्ये, आणि चार ते सात या पट्ट्यात, म्हणजे रुग्णाच्या हनुवटीखाली, अवजारांची देवघेव होते. एका हातात सक्शन, दुसऱ्या हातात पुढचं अवजार. एअरोटर फिरत असताना पाण्याचा फवारा घशात जाऊ द्यायचा नाही, जीभ बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांच्या आरशावर धुकं जमू द्यायचं नाही. डॉक्टरांना या काळात दातावरची नजर हलवावी लागत नाही, आणि कामाचा निम्मा वेग त्यातूनच येतो. ही चार हातांची पद्धत गेल्या शतकाच्या साठच्या दशकात अमेरिकेत शिकवली जाऊ लागली. तोवर आडवी होणारी खुर्ची आणि एअर टर्बाइन दोन्ही आले होते आणि डॉक्टर उभ्याचे बसते झाले होते.

असिस्टंट हे पद त्याहून जुनं. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये मदतनीस म्हणून एका स्त्रीला नेमलं, आणि त्यामुळे घरच्या कुणाला सोबत न आणता स्त्रिया त्यांच्याकडे येऊ लागल्या, असं सांगितलं जातं. कोपरखैरण्याच्या दवाखान्यात आजही हे घडतं. खुर्चीत आडवं पडलेल्या बाईला शेजारी ताई उभी आहे एवढ्यानेच धीर येतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या दाढेसाठी ती येते, तेव्हा डॉक्टरांआधी विचारते, "ती ताई कुठे गेली?"

गेलेलीच असते बहुतेक वेळा.

नवी मुंबईत दंतवैद्यांची वानवा नाही. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम अशी पाच दंत महाविद्यालयं या एका आखीव शहराच्या पट्ट्यात आहेत. दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. काही जण कुणाच्या तरी दवाखान्यात टक्केवारीवर असोसिएट म्हणून बसतात, दोन-तीन वर्षांनी सेक्टरच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्याचा गाळा घेतात. सिडकोच्या आखणीत प्रत्येक सेक्टरला दुकानांची रांग आहे, तेव्हा जागेलाही तोटा नाही. असोसिएट सोडून जाणार हे मालक डॉक्टर पहिल्या दिवसापासून धरून चालतो. तोही असाच कुणाकडून तरी बाहेर पडलेला असतो. मात्र खुर्चीशेजारचे दुसरे दोन हात तयार करणारं कॉलेज असिस्टंटच्या वाट्याला बहुधा येत नाही. बारावी झालेली, घराजवळ काम शोधणारी मुलगी दारावरची पाटी वाचून आत येते आणि डॉक्टर तिला शिकवतात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशी तिघांच्या नोंदणीची सोय केली; खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या असिस्टंटचं रजिस्टर त्यात नव्हतं. सात वर्षं काम करून ती दुसरीकडे गेली तर तिच्या हातातलं कसब कुठल्या कागदावर दिसत नाही. नव्या ठिकाणी तिची सुरुवात पुन्हा 'फ्रेशर' म्हणूनच.

माणसं का टिकत नाहीत असं डॉक्टरांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पाचशे-हजार जास्त मिळाले की जातात. हे अर्धंच खरं आहे. या शहरात पगार वाढवून देणारे पुष्कळ आहेत. सीवूड्स आणि वाशीचे मॉल आहेत, ऐरोली-महापेच्या आयटी इमारतींतले फ्रंट डेस्क आहेत, मोठ्या रुग्णालयांचे निर्जंतुकीकरण विभाग आहेत, आणि आता विमानतळही आला. पण पगाराच्या आधी वेळेकडे पाहायला हवं. दवाखाना सकाळी दहाला उघडतो, दीड-दोनला शटर खाली येतं, पाचला पुन्हा वर जातं आणि रात्री साडेनऊला शेवटचा रुग्ण उठतो. कागदावर हे आठ तासांचं काम. चार गल्ल्या पलीकडे राहणारी बाई दुपारी घरी जाऊन पोरांना जेवू घालून येते. तिला ही वेळ सोयीचीच वाटते. मानखुर्दहून, दिव्याहून किंवा पनवेलच्या पलीकडून येणारीला मात्र दुपारचे तीन तास बंद शटरच्या आत, एसी न लावता, काढावे लागतात. शिवाय रात्री उपकरणं धुऊन, पाउचमध्ये भरून ऑटोक्लेव्ह लावायचा असतो. १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आणि वर सुकण्याचा वेळ, म्हणजे शेवटच्या रुग्णानंतर आणखी पाऊण तास. घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत चौदा तास होतात. मॉलमधली नोकरी हजार रुपये कमी देत असली तरी ती सलग नऊ तासांची असते.

यावर उपाय काही दवाखान्यांनी शोधलेला आहे आणि तो साधा आहे: एक माणूस जास्त ठेवायचा आणि दोन सलग पाळ्या लावायच्या. एक सकाळी येऊन संध्याकाळी जाते, दुसरी दुपारी येऊन रात्री. मधल्या दोन-तीन तासांत दोघी असतात. तेव्हा लॅबला जाणारी मापं ओतणं, स्टॉक मोजणं, उद्याच्या अपॉइंटमेंटचे फोन ही कामं उरकतात. नेमणुकीच्या वेळी घराचा पत्ता अनुभवाइतकाच महत्त्वाचा मानायचा, हा दुसरा शहाणपणा. गणपतीला कोकणात जाणारी जाणारच. जून महिन्यातच तिची रजा कॅलेंडरवर लिहून टाकणारे डॉक्टर सप्टेंबरमध्ये चिडत नाहीत.

सारखी माणसं बदलण्याचा तोटा डॉक्टर बहुधा प्रशिक्षणाच्या वेळात मोजतात. मला हिपॅटायटिस बी चं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. रक्ताशी आणि सुयांशी रोज संबंध येणाऱ्या या कामात तीन डोस घ्यावे लागतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. चौथ्या महिन्यात नोकरी सोडणारी मुलगी अर्ध्या संरक्षणानिशी दुसऱ्या दवाखान्यात जाते आणि तिथे कुणी विचारलंच तर "इंजेक्शन झालंय" म्हणते. सुई कुठल्या डब्यात, रक्ताळलेला कापूस कुठल्या पिशवीत, हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रंगांसकट ठरवून दिलं आहे. पण तो रंग डोळ्यांच्या आधी हाताला कळायला महिने लागतात. सुई टोचण्याची भीती जास्त असते ती या पहिल्या महिन्यांतच.

आता आकड्यांकडे. आपल्याकडे नोकरीत टिकून राहण्याचं जे बक्षीस आहे ते सगळं माणसांच्या संख्येवर अडलेलं आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून, कर्मचारी राज्य विमा दहापासून, बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा दहापासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या तरी या उंबरठ्यांची उंची तीच राहिली. दवाखाना मात्र रिसेप्शनवरची ताई, दोन असिस्टंट आणि झाडपुसीच्या मावशी, अशा चारांवर संपतो. त्यामुळे लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणात, मुलाच्या दहावीला मुलगी काम सोडते तेव्हा तिचं सोडून जाण्यासारखं तिथे काहीच शिल्लक नसतं. ज्याला 'स्टाफला निष्ठा नाही' म्हणतात, त्यात निष्ठेचा भाग थोडा आणि या हिशेबाचा मोठा, असं माझं मत आहे.

नवल असं की याच शहरात, तुर्भ्याच्या बाजार समितीत, हा प्रश्न पन्नास वर्षांहून जुन्या कायद्याने सोडवलेला आहे. माथाडी कामगाराला तर एक ठरावीक मालकही नव्हता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालकाने किती हमाल ठेवले हे मोजलं जात नाही. नोंदणी झालेला व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरतो; बोर्ड कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी बघतं. दाणा-भाजीचे बाजार मुंबईतून खाडीपलीकडे आले तशी ही कुटुंबंही आली आणि कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. त्यांच्याच घरातली एखादी मुलगी आज दाताच्या दवाखान्यात सक्शन धरून उभी असेल, तर वडिलांना असलेली ग्रॅच्युइटी तिला नाही.

माथाडींची नक्कल जशीच्या तशी होणार नाही. हमालांची टोळी असते, टोळीला मुकादम असतो, संप करायचा तर बाजार बंद पडतो. असिस्टंट मुली एकेका शटरमागे एकट्या-दुकट्या असतात, एकमेकींना ओळखतही नाहीत. शिवाय आज या खुर्चीशी, उद्या त्या खुर्चीशी पाठवण्याजोगं हे काम नाही. एका डॉक्टरच्या हाताची लय कळायलाच वर्ष जातं. म्हणून पुढाकार आला तर तो मालकांच्या बाजूनेच यावा लागेल. इंडियन डेंटल असोसिएशनच्या नवी मुंबई शाखेसारख्या संघटनेने पन्नास दवाखान्यांची मोट बांधली, तर एक सामाईक निधी, कामाच्या वर्षांची नोंद असलेलं एक कार्ड आणि लशींचं एक रजिस्टर एवढं करायला नवा कायदा लागत नाही. भविष्य निर्वाह निधीसाठी तर वीस माणसांचीही अट नाही. मालक आणि बहुसंख्य कर्मचारी तयार असतील तर लहान आस्थापनाही स्वेच्छेने त्यात जाऊ शकते.

डॉक्टर पहिल्यांदा विचारतील तो खर्च. समजा पगार १५,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, २६ दिवसांचा महिना धरून, बाजूला ठेवायचा तर महिन्याला साधारण ७२० रुपये होतात. सात वर्षांनी बाई निघाली तर तिच्या हातात साठ हजारांच्या वर रक्कम पडते. फंडाचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,८००. दिवाळीला एक पगार म्हणजे दरमहा १,२५०, आणि तो अनेक दवाखाने आजही देतात. सगळं मिळून एका माणसामागे महिन्याला पावणेचार हजारांच्या आसपास. एका रूट कॅनालचं बिल, वर कॅप धरली तर, सहसा याहून मोठं असतं.